याडी म्हणजे आई

पहिलीच्या पहिल्या दिवशी गुरुजींनी मला उभं केलं. विचारलं, "शाळेत कोणासंग आली?"

मी म्हटलं, "मार याडी."

आम्ही बंजारा. आमच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. गुरुजींना ते ठाऊक होतं. आर्णीकडं तांडे काय कमी आहेत? ते दाराकडं वळले. तिथं माझी आई उभी होती, माझं दप्तर छातीशी धरून.

"पोरगी म्हणते, माय येडी हाय."

वर्ग हसला. आईला मराठी जेमतेम कळायचं. सगळे हसले म्हणून तीही हसली.

त्या संध्याकाळी मी तिला सांगितलं, शाळेत येत जाऊ नको. तिनं कारण विचारलं नाही. दहावीच्या निकालालाही फाटकाबाहेरच थांबली. मी गोरबोली टाकली. जीभ घासून घासून मराठी केली. शिक्षिका झाले.

नोकरी लागली ती तांड्यावरच्याच शाळेत. पहिलीचा वर्ग. आणि मी काय केलं? गुरुजींनी केलं तेच. फक्त हसले नाही. म्हणायचे, "मराठीत बोल."

गेल्या वर्षी रोशनी नावाची पोरगी टेबलाजवळ आली. हळूच म्हणाली, "बाई, मार कान दुखरो छ."

मला शब्दन् शब्द कळला. तरी म्हटलं, "मराठीत सांग."

तिनं बराच वेळ शब्द शोधला. मग जागेवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी आली नाही माझ्याकडं. तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी तिच्या वहीवर पू सांडला.

कानाचा पडदा फाटला होता. त्या कानानं आता तिला ऐकू येत नाही.

तिच्या आईनं मला विचारलं, "बाई, पोरीनं तुमाले सांगतलं नव्हतं का?"

मी म्हटलं, "सांगितलं होतं."

तिनं रोशनीचा हात धरला आणि तिला घरी घेऊन गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात गोरबोलीत बोलायला लागले. आधी त्यांची बोली, मग तिच्यावरून मराठी. महिनाभर मुकी बसलेली पोरं प्रश्न विचारायला लागली.

मग शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. वर्ग ऐकला. आवाज चढवला नाही. म्हणाले, "गोरबोलीत शिकवलं ही चूक झाली असं लिहून द्या, बाई. नाहीतर राजूरच्या पलीकडं कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, पोडावरच्या शाळेत जागा रिकामी आहे."

हेडमास्तर म्हणाले, "लिहून टाका ना. काहून डोक्याले ताप करून राह्यल्या?"

तेव्हापासून शाळेत माझ्याशी कोणी धड बोलत नाही. वर्ग सुरू झाला की खिडकीशी कोणीतरी मोबाइल धरून उभं राहतं. मी पाहिलं की सरकतं. पुन्हा येतं. दोन पोरांची नावं शाळेतून काढली गेली. त्यांच्या बापांना कोणी काय सांगितलं, ते बाप मला सांगत नाहीत. काल नोटीस आली. सोमवारी यवतमाळला हजर व्हायचं आहे.

मी लेखी उत्तर तयार केलंय. चूक कबूल केली आहे, रोशनीच्या कानाची. दुसरी नाही. खाली सही केली आहे.

पोडावर पाठवा. आधी मी कोलामी शिकेन. मग फळ्याला हात लावेन.