दुर्बिणीचा डॉक्टर

किस्से मुतखड्यांसारखे असतात. कधी जमले ते कळत नाही, एखादा अडकला की मग आठवतो! नव्वदच्या दशकात मी चंद्रपुरात मुतखड्यांची आणि प्रोस्टेटची ऑपरेशनं दुर्बिणीतून करायला लागलो, तेव्हापासून बरेच साठलेत.

*

सावली गावच्या एका भाऊंना समजावलं, "पोट फाडणार नाही, दुर्बिणीनं करू."

भाऊ उखडलेच. "दुर्बीन हाय त मले इथवर काऊन बलावलं? इथूनच सावलीतलं दिसत नाई का?"

*

कोरपन्याचा एक फोरमन, सिमेंट कारखान्यातला. किडनी एकच, आणि तीत सांबरशिंगासारखा फाटे फुटलेला खडा. ती किडनी गेली असती तर जन्मभर डायलिसिस! पाठीतल्या एवढ्याशा भोकातून फोडून फोडून सगळा काढला. माझा घामटा निघाला. दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत बाटलीतला चुरा त्याला दाखवला.

त्यानं चिमटीत घेऊन चोळून पाहिला.

"पिसाई बराबर नाई झाली, साहेब!"

*

वीजकेंद्र उशाशी, तरी वीज जायचीच. एकदा ऐन ऑपरेशनमध्ये दुर्बिणीतलं दाखवणारा टीव्ही काळाठिक्कर! आम्ही जनरेटरच्या नावानं बोंबलतोय. पेशंटची भूल कमरेखालचीच, त्यामुळे तोही पडल्या पडल्या सगळं पाहत होता.

"इंटरवल झाला का जी?"

*

घुग्घुसचे लटारीभाऊ खाणीतून रिटायर झालेले. प्रोस्टेटची गाठ संत्र्याएवढी, लघवी बंद, महिनाभर नळी. त्यात हृदय अर्ध्या ताकदीवर, म्हणून नागपूरहून दोनदा परत पाठवलेले. बाहेर बाकावर बायको एकटी बसलेली. खरं सांगतो, मला भीती वाटत होती.

या ऑपरेशनमध्ये आत सोडलेलं पाणी रक्तात शिरलं, तर पेशंट आधी बरळतो नाहीतर गप्प होतो. मग असलं हृदय केव्हाही दगा देतं. म्हणून भूल देणाऱ्या आमच्या नसीम मॅडम पेशंटला सतत बोलतं ठेवायच्या. गाव विचारलं, पोरं विचारली. लटारीभाऊ फटाफट सांगत होते.

"आता बायकोचं नाव घ्या!"

लटारीभाऊ गप्प.

"भाऊ, नाव घ्या ना!"

ओठ हलताहेत, आवाज नाही. मी हात थांबवला, पाणी बंद केलं. मॅडमनी इंजेक्शन भरलं. मी ओरडलो, "लटारीभाऊ!"

"थांबा ना जी, उखाना जुळवून राह्यलो! घुग्घुसले काई बसूनच नाई राह्यलं!"