सहज म्हणून ग्वाटेमालाला

जर्मनीत डार्मश्टाटला मी ज्या बाईंकडे खोली घेऊन राहत होतो, त्यांना ग्वाटेमाला सिटी बघायला जायचं होतं. एकोणीसशे साठचं दशक नुकतंच लागलं होतं, आणि मी तिथे पुलांच्या बांधकामावर डॉक्टरेट करत होतो. बाई पंचावन्नच्या, विधवा, भलत्या शिस्तीच्या. जिन्यावर बुटांचा आवाज जास्त झाला तरी दार उघडून बघायच्या. पण रविवारी चार वाजता कॉफीला हाक मारायच्या आणि केकचा दुसरा तुकडा न विचारता बशीत ठेवायच्या. परमुलखात माणसाला तेवढंही पुरतं. मी पहिल्याच रविवारी त्यांच्या बाजूचा झालो.

अशाच एका रविवारी त्यांनी कपबशा बाजूला सारल्या आणि टेबलावर त्या शहराचा नकाशा पसरला.

"आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या, "तुम्ही इंजिनियर. नकाशा तुम्हाला कळतो. मला नीट वेळापत्रक करून द्या."

त्या एकेक जागा सांगत गेल्या आणि मी पेन्सिलीने खुणा करत गेलो. कॅथेड्रल, त्याच्या मागचा बाजार, समोरचा चौक, सरकारी राजवाडा. हॉटेलही तिथेच, दोन गल्ल्या सोडून. टेबलभर नकाशा, आणि माझ्या सगळ्या खुणा तळहाताएवढ्या जागेत. माझा स्वभाव मुळातच तिरसट, राहवलं नाही.

"अहो, शहर बघायला निघालात की प्रदक्षिणा घालायला? मधोमध आहे काय एवढं?"

बाईंनी त्या खुणांच्या मधोमध बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "माझा भाऊ."

तेव्हा कुठे सगळं कळलं. हा धाकटा भाऊ, एकुलता एक. युद्ध संपल्यावर गावात नुसते विटांचे ढीग उरले होते. आई अंथरुणाला खिळलेली. तशात तो एका कॉफीच्या व्यापाऱ्याकडे नोकरी धरून ग्वाटेमालाला गेला. त्याच हिवाळ्यात आई गेली. बाईंनी त्याला कळवलं, आणि त्याच पत्रात 'आजपासून तूही मला मेलास' असं लिहून टाकलं. पंधरा वर्षं झाली त्याला. आता नाताळला दोन्हीकडून एकेक कार्ड जायचं, खाली नुसती सही. त्याने तिकडे लग्न केलं, एक मुलगी झाली, हेही कार्डावरच्या वाढत गेलेल्या सह्यांवरूनच कळलेलं.

"मला त्याच्याकडे तीन आठवडे राहायचंय," बाई म्हणाल्या. "पण तसं लिहायला हात धजत नाही. नको म्हणाला तर?"

इथे मी तोंड उघडलं, आणि ते उघडायला नको होतं.

"असं थेट लिहूच नका," मी म्हणालो. "आमच्याकडे मुलगी बघायला जायचं असलं तरी 'सहज इकडे आलो होतो' असं म्हणतात. समोरच्याला सगळं उमगतं, पण कुणाचं नाक खाली होत नाही. मग तो म्हणतो, आलाच आहात तर चहा घ्या. चहाचं जेवण होतं आणि जेवणाचा मुक्काम. तुम्ही लिहा, शहर बघायला येतेय, तुला त्रास द्यायचा नाही."

"आणि त्याने चहाला बोलावलंच नाही तर?"

"तर तुम्ही शहरच बघायला गेला होतात."

हे त्यांना फार पटलं. मला तर माझ्या अकलेचं केवढं कौतुक वाटलं! मग मीच शेपूट जोडलं की सहज आलेला माणूस तीन आठवडे राहत नसतो, चार दिवस पुरेत. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. ही म्हण जर्मनमध्ये सांगताना माझी त्रेधा उडाली, पण बाईंनी मान डोलावली आणि तीन आठवडे खोडून चार दिवस केले. पत्रातला शब्द न् शब्द मी सांगितला.

महिनाभराने उत्तर आलं. 'तारीख कळली. विमानतळावर येतो.' बाईंनी ते उभ्याउभ्या तीनदा वाचलं. "बघा, म्हटलं नव्हतं?" असं म्हणून मी केकचा तिसरा तुकडाही उचलला.

परतल्या तेव्हा त्यांना आणायला मी फ्रँकफुर्टच्या विमानतळावर गेलो. गाडीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. घरी येऊन कोट काढला, कॉफी ठेवली आणि मग बोलायला लागल्या.

भाऊ विमानतळावर आला होता, हातात टाइप केलेला कागद घेऊन. वेळापत्रक. रक्त एकच ना! पहिला दिवस शहराबाहेरच्या तळ्यावर, दुसरा जुन्या राजधानीत, तिसरा कॉफीच्या मळ्यांत. सकाळी सातला मोटार दारात आणि संध्याकाळी सातला परत हॉटेलवर. तिथे तो टोपी काढायचा, गुड नाइट म्हणायचा आणि जायचा. घराचा विषयही नाही. बाईंना वाटलं, हा आपल्याला घराच्या वाऱ्यालाही उभं करत नाही. चौथ्या दिवशी सकाळी तो न्यायला आला तेव्हा हॉटेलच्या पायरीवर त्यांचा बांध फुटला. तुझ्या घरात मी पाऊल ठेवायचंच नाही का, म्हणून त्यांनी विचारलं.

मग त्याने कोटातून त्यांचं पत्र काढलं. "तूच लिहिलंस," तो म्हणाला, "शहर बघायचंय, मला त्रास द्यायचा नाही. मी शब्द पाळला."

त्याच्या घरी महिनाभर आधीपासून खोली लावून ठेवली होती. तिन्ही संध्याकाळी त्याच्या बायकोने टेबलावर चार ताटं मांडली होती, आणि तिन्ही रात्री त्यातलं एक उचलून ठेवलं होतं.

"चौथ्या दिवशी तिथे जेवले," बाई म्हणाल्या. "तीनला विमान होतं. पोरगी नुकती कुठे मांडीवर बसायला लागली होती."

आमच्याकडे त्या पत्राचा अर्थ शेंबड्या पोराला कळला असता, पण पत्र आमच्याकडे जाणारच नव्हतं. माझ्या शहाणपणापायी त्या माउलीचे चारातले तीन दिवस तळी नि मळे बघण्यात गेले, याचं मला इतकं वाईट वाटलं की मान वर करवेना.

"चूक माझी," मी म्हणालो.

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या आणि माझ्या बशीत केकचा तुकडा ठेवला. मग कागद घेऊन तिथेच लिहायला बसल्या. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. 'मला तुझी आठवण येते. पंधरा वर्षं रोज येतेय. मला तुझ्याकडे राहायला यायचंय.' खाली सही. मी काही सुचवायच्या आत त्यांनी पाकीट चिकटवलं आणि मला पोस्टात पिटाळलं.