पडद्यामागची भाकरी

सिनेमातल्या माणसाला मी एकदा भाकरी नेऊन दिली होती... हसा, खुशाल हसा. म्हसवडच्या जत्रेतला तो तंबू, तुडवलेल्या गवताचा, रॉकेलचा आणि भाजक्या शेंगांचा एकात एक मिसळलेला वास, समोर बांबूंना ताणलेलं पांढरं कापड – आणि मुख्य चित्रपटाआधीच्या बातमीपटात बर्फातून चालणारे जवान. त्यांतल्या एकाची चाल, डाव्या खांद्याकडं किंचित झुकलेली, थेट आबांची! माझे वडील पलटणीत होते. कित्येक महिने त्यांची खबर नव्हती. मी सात वर्षांची शहाणी. आईच्या फडक्यातली भाकरी-चटणी उचलली आणि बसलेल्यांचे पाय तुडवत पडद्यामागं धावले. आबा त्या बाजूनं उतरणार, भुकेले असणार – केवढी ती अक्कल!

मागं कोणीच नव्हतं. ताणलेले दोर, कापडावर उलटी चालणारी माणसं, पलीकडं ज्वारीचं काळं रान... भाकरी पुढं धरून मी थिजून उभी राहिले.

परवा नात, सई, मला सांगलीला त्या नव्या महाकाय पडद्यावरचा सिनेमा दाखवायला घेऊन गेली. ‘‘आजी, असला पडदा आधी मोठ्या शहरांतच असायचा. आता आपल्याकडंपण आला!’’ पडदा कसला, साखर कारखान्याची भिंतच ती! गार हवेत लोणी लावलेल्या मक्याच्या लाह्यांचा वास दरवळत होता, आणि अवचित एका जवानाचा चेहरा उजळला – घराएवढा. पापणीवरचा हिमकण परातीएवढा, ओठावरची भेग नांगराच्या तासासारखी... माणूस इतका जवळ आणता येतो?

‘‘आजी, खाली बस ना! मागं लोक आहेत.’’

सईनं पदर ओढला तेव्हा कळलं, मी उभी होते, आणि लाह्यांचा डबा दोन्ही हातांनी पुढं धरला होता. म्हातारी झाले, पण अक्कल तेवढीच!

आबा परतले नाहीत. त्यांची चाल अजून डोळ्यांपुढं आहे. चेहरा मात्र केव्हाच पुसून गेला.

त्या जत्रेत, तंबूबाहेर आईनं माझा दंड धरला, तेव्हा वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. ‘पडद्यावर आबा दिसले, त्यांना भाकरी द्यायची होती,’ मी सांगून टाकलं. धाकट्याला निजवण्याच्या नादात तिचा बातमीपट हुकला होता. तिनं भाकरीवरची धूळ झटकली, इकडंतिकडं पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं –

‘‘तुजं आबा लय वाळल्यात व्हय गं?’’