एक शॅम्पू आणि नणंदेच्या अकरा बाटल्या

टायफॉइडमधून उठले त्याला दोन-अडीच महिने झाले असतील, तेव्हा माझे केस गळायला लागले. थोडेथोडके नाही, कंगवा फिरवला की गुंतवळच हातात. उशीवर केस, डब्याच्या पिशवीत केस, एकदा तर पोळीत. नवऱ्यानं ती पोळी फक्त बाजूला ठेवली, आणि मला त्याचंच जास्त लागलं. भांग इतका रुंद दिसायचा की ऑफिसात ट्यूबलाइटखालची खुर्ची सोडून मी कोपऱ्यात जाऊन बसायला लागले.

मग खरेदी सुरू झाली. मोबाइलवर एक व्हिडिओ बघायचा की चार दिवसांत एक बाटली घरी. कांद्याचं तेल, रोझमेरीचं पाणी, टाळू घासायचा स्क्रब, मास्क, कंडिशनर, सकाळचं सीरम, झोपतानाचं सीरम. भाईंदर पूर्वेला आमचं वन बीएचके, त्यात बाथरूम एवढंसं. अकरा बाटल्या मांडल्यावर नवऱ्याच्या दाढीच्या ब्रशला खिडकीच्या गजात जागा मिळाली.

सासू-सासरे गावी राहायला गेल्यापासून माझी धाकटी नणंद आमच्याकडेच असते. सव्वीस वर्षांची, कमरेपर्यंत दाट केस. त्या बाटल्यांकडे ती मिठाईच्या दुकानासमोर उभं राहिल्यासारखी बघायची. "वहिनी, एक थेंब दे ना सीरम," हे रोजचं. मी द्यायचे नाही. मला एकेक थेंबाची गरज होती.

एका रविवारी नवऱ्याचे साहेब सहकुटुंब जेवायला यायचे होते. मी सकाळी डोक्यावर केळ्याच्या वासाचा मास्क थापला, वीस मिनिटं मोजून बसले आणि नळ उघडला. फुस्स. वरची टाकी रिकामी. वॉचमन म्हणाला, टँकर दुपारी येईल. नणंद धावत गेली आणि फिल्टरमधलं प्यायचं पाणी तांब्यानं माझ्या डोक्यावर ओतायला लागली. मास्क निघेना, उलट चिकट झाला. चौथा तांब्या संपला आणि दारावरची बेल वाजली.

साहेबांच्या बायकोला मी डोक्याला टॉवेल गुंडाळूनच श्रीखंड वाढलं. "सर्दी झालीय का हो तुम्हाला?" त्यांनी काळजीनं विचारलं. "हो ना," मी म्हटलं. नणंदेला हसू आवरेना, ती पाणी आणायच्या निमित्तानं आत पळाली. पाणी नव्हतंच.

पाहुणे गेले, टँकर आला, डोकं धुऊन झालं, आणि मी जाहीर केलं, "बस झालं! आजपासून एक शॅम्पू. शनिवारी अर्धा तास खोबरेल. जाड दातांचा कंगवा. बाकी काही नाही."

"आणि या बाटल्या?" नणंदेचे डोळे चमकले.

"घेऊन जा."

"सगळ्या? वहिनी, बघ हं. तीन महिन्यांनी माझे केस कसे होतात ते बघ, मग रडशील."

"लावतेस पैज?"

"लावली!"

परीक्षक कोण, हेही तिनंच ठरवलं. समोरच्या गल्लीत एका गुजराती बेनचं पार्लर आहे. आम्ही दोघी तिच्याकडेच जायचो. तीन महिने तिथं फिरकायचं नाही. शेवटी बेननं डोळ्यांवर ओढणी बांधायची आणि फक्त हातानं चाचपून सांगायचं, कुणाचे केस चांगले. बेननं ऐकलं आणि टाळीच वाजवली. "अरे वाह, मज़ा आएगा!"

पहिले तीन आठवडे माझे फार वाईट गेले. केस गळतच होते. अंघोळ पाच मिनिटांत उरकायची आणि मग हात उगाच रिकामे वाटायचे. तिकडे नणंद बाथरूममध्ये तासभर गाणी म्हणायची. बाहेर आली की केस असे चमकायचे की लिफ्टमध्ये अनोळखी बायका तिला विचारायच्या, क्या लगाती हो? मला मनापासून हेवा वाटला. एकदा माझा हात तिच्या सीरमपर्यंत गेलाही. झाकण उघडलं, वास घेतला आणि पुन्हा लावलं.

दुसऱ्या महिन्यात तिचं खाजवणं सुरू झालं. आधी बोटानं, मग पेनाच्या टोकानं. काळ्या कुर्त्याच्या खांद्यावर पांढरा कोंडा दिसायला लागला. मी बघितलं. सांगायला हवं होतं, की बाई गं, थांबव हे. सांगितलं नाही. मला जिंकायचं होतं. तिनं मात्र त्यावर उपाय म्हणून स्क्रब दुप्पट केला.

निकालाच्या रविवारी आम्ही दोघी पार्लरमध्ये शिरलो. नवऱ्याला आत येता येत नव्हतं, म्हणून तो दर दोन मिनिटांनी फोन करत होता. बेननं शेजारच्या खुर्चीतल्या बाईचं थ्रेडिंग अर्धवट सोडलं आणि डोळ्यांवर ओढणी बांधली. ती बाईसुद्धा एक भुवई कोरलेली, एक तशीच, वळून बघायला लागली.

आधी नणंद. बेननं केसांतून बोटं फिरवली. "ये तो रेशम है, रेशम!" नणंदेनं मला अंगठा दाखवला. मग बोटं वर गेली आणि थांबली. "अरे, ये क्या? ऊपर तो पूरा थर जमा है. दाने भी हैं. दुखता नहीं तुमको?"

"थोडा," नणंद हळूच म्हणाली.

मग मी. बेन केस चाचपत राहिली. "लंबाई में कुछ खास नहीं. सूखा है." माझा चेहरा पडला. "पतला भी है. और… रुको. रुको, रुको!" तिनं ओढणी ओढून काढली आणि माझं डोकं उजेडाकडे वळवलं. "ये देखो! कितने नए बाल!"

आरसा माझ्या हातात आला. कपाळाच्या वर, भांगाच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या मागे, सगळीकडे बोटाच्या पेराएवढे केस ताठ उभे होते! मी तीन महिने केस विंचरून मागे बसवत होते आणि ते मला दिसलेच नव्हते. मी इतक्या जोरात ओरडले की एका भुवईवाली बाई खुर्चीतून उठली. फोन वाजला. "आले!" मी नवऱ्याला ओरडून सांगितलं. "कोण आलं?" तो घाबरून म्हणाला. "केस आले, केस!"

नणंदेनं मला मिठी मारली. "जिंकलीस गं वहिनी!" तिनं हे इतक्या मनापासून म्हटलं की मला राहवलं नाही. तिथंच सांगून टाकलं की तुझा कोंडा मला महिनाभर दिसत होता आणि मी गप्प बसले. ती म्हणाली, "मला माहीत होतं तुला दिसतोय. मीही हरायला तयार नव्हते. म्हणून तर थांबवलं नाही."

दुसऱ्याच दिवशी मी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. बाटल्यांची यादी ऐकून डॉक्टरीणबाई हसल्या, मग तिची टाळू बघून गंभीर झाल्या. सगळं बंद, काही आठवडे औषधाचा शॅम्पू, मग साधा. मी लगेच पुढे झाले, "बघा ना डॉक्टर, मी एकच शॅम्पू वापरला आणि माझे केस परत आले!"

"ताई, टायफॉइडनंतर केस असेच गळतात, आणि बहुतेक वेळा आपापले परत येतात. त्याचं श्रेय शॅम्पूला देऊ नका."

"मग मी केलं काय इतके दिवस?"

"तुम्ही त्यांना छळलं नाहीत. तेही कमी नाही. पण टोकं फार कोरडी झालीत. धुतल्यावर खालच्या केसांना कंडिशनर लावत जा."

नणंदेनं टेबलावर हात आपटला. "एक बाटली माझी जिंकली!" डॉक्टरीणबाई दचकल्या आणि मी हसत सुटले. आता आमच्या बाथरूममध्ये एक शॅम्पू, एक कंडिशनर आणि खोबरेलाची बाटली आहे. उरलेल्या बाटल्या नणंदेनं स्वतः रिकाम्या केल्या. एक सीरम तिनं लपवून ठेवलंय. मला माहीत आहे कुठे.

तिची टाळू बरी झाली तेव्हा आम्ही तिघं बसनं उत्तनला गेलो. टायफॉइडपासून मी केस मोकळे सोडले नव्हते, त्या दिवशी सोडले. समुद्रावरून असा वारा येत होता की माझे सगळे केस तोंडावर. वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घालणारी एक कोळीण हसून म्हणाली, "केस बांध गो, बोंबलात गुततील!" तिच्या डोक्यावर काळाभोर, मोठा अंबाडा होता. नणंदेला कुठलं राहवतंय.

"मावशी, केसांना काय लावता तुम्ही?"

"काय न्हाय. साबण." मग मावशीनं इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "डाय हाय. लेक लावते."

आम्ही तिघी इतक्या हसलो की पुढे गेलेला नवरा परत आला. "काय झालं?" त्यानं विचारलं. मावशीनं नणंदेला डोळ्यांनी दटावलं. "काय न्हाय," नणंद म्हणाली, आणि तिथल्याच एका घराच्या पायरीवर बसवून माझी वेणी घालायला लागली. आखूड नवे केस काही तिच्या हातात राहीनात. ते वाऱ्यावर उभेच.