भासऱ्यांची लेव्हल

आमच्या भासऱ्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावाला, जन्मात एकच शब्द नीट आला. लेव्हल. होते एका कचेरीत कारकून. पण सत्तर-बहात्तरच्या सुमारास रामदासपेठेतल्या कोणा डॉक्टराच्या बंगल्यात चिप्सची, म्हणजे मोझॅकची, फरशी बघून आले आणि त्या दिवसापासून घरात इंजिनियर होऊन फिरायला लागले. चालताना मान खाली आणि कपाळाला आठ्या. आम्हाला आधी वाटलं, पोट बिघडलं.

आमचं घर नागपूरच्या कडेला, जुन्या ले-आउटमधलं. सासऱ्यांनी जमेल तसं एकेक खोली करत वाढवलेलं, त्यामुळे प्रत्येक खोलीची जमीन वेगळी. समोरच्या खोलीत शहाबादी फरशी, मधल्या खोलीत सिमेंटचा कोबा, तोही भेगाळलेला, आणि स्वयंपाकघर मातीचं, शेणानं सारवलेलं. मध्ये दोन उंबरठे. भासऱ्यांना याची भारी लाज. "माणसं येतात, काय म्हणत असतील?" येणारी माणसं कोण, तर त्यांच्याच कचेरीतले दोन कारकून, तेही फुकटच्या चहासाठी.

मग दर रविवारी आलेखाचा कागद, पेन्सिल आणि कानावर दुसरी पेन्सिल. दोन पेन्सिली कशाला, ते त्यांनाच ठाऊक. मिस्त्री बिचारा सांगून थकला, "साहेब, मोरीकडे थोडा उतार तर द्या लागते."

"उतार? माझ्या घरात उतार नाही पाहिजे. कंचा ठेवला तर जागचा हलला नाही पाहिजे!"

काचेची गोटी हलली नाही खरी. पाणीही हललं नाही. पुढे पंधरा वर्षं ते साचलेलं पाणी मी उकिडवी बसून फडक्यानं टिपलं. भासऱ्यांनी एकदा तरी फडकं हातात धरलं असेल तर शपथ.

आणि आमचे हे? हिंगण्याला कंपनीत पाळीवर जायचे, घरी आले की झोपायचे. विचारलं तर "भाऊ म्हणते तसं," आणि कूस बदलायची. असा बाणेदार नवरा माझ्या वाट्याला आला.

सासूबाईंचे डोळे काचबिंदूनं गेले होते, त्याला दहा वर्षं झाली होती. पण घरात त्या काठीशिवाय, भिंतीला हात न लावता सरळ चालायच्या. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून आपला चहा आपण करायच्या आणि मग दिवसभर त्या चहाचा तोरा. लग्न होऊन नवी आले तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, "आई, तुम्हाला समजते कसं?"

"पायाले समजते वं. ही हलती फरशी लागली की डावीकडे वळाचं, नाही तर कपाट लागते. कोब्याची भेग आली की समोर उंबरठा. अन् माती लागली की झालं, शेगडीजवळ पोहोचली मी."

म्हणजे हे मला माहीत होतं. पोटच्या दोन्ही पोरांना नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. मला होतं.

ज्या रविवारी फरशी नक्की करायची होती, त्या दिवशी भासऱ्यांनी खोलीभर नमुन्याच्या टाइल्स मांडल्या. एक लाल, एक हिरवी, मध्ये स्वतः. सासूबाई खाटेवर बसल्या होत्या.

"उंबरठे काढून राहिला काय रे?"

"हो आई. सगळं सलग. एक लेव्हल."

"काहून?"

"काहून म्हणजे? चांगलं दिसते."

"कोणाले?"

भासऱ्यांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

"सयपाकघर तरी राहू दे बाप्पा, आहे तसं," त्या म्हणाल्या.

"तुले काय समजते त्यातलं? अर्धवट काम मी करत नसतो." भैताड! आयुष्यभर अर्धवट कामंच केली या माणसानं, आणि नेमकं हेच पुरं करायची हौस आली.

सासूबाईंनी तोंड माझ्याकडे वळवलं. मी दारात उभी आहे हे त्यांना बरोबर कळलं होतं. "तू काहून चूप आहेस वं?"

बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण माझी चुलत बहीण मागच्याच महिन्यात येऊन आमच्या मातीच्या स्वयंपाकघराकडे बघून नाक मुरडून गेली होती, आणि सारवून सारवून माझ्या नखांतला वास जात नव्हता. तेवढ्यात भासऱ्यांनी माझं मत विचारलं. त्या घरात माझं मत पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. "लाल की हिरवी?"

"हिरवी," मी म्हटलं. बाकीच्यांना नावं ठेवते आहे, पण माझीही अक्कल तेवढीच निघाली.

तीन आठवडे आम्ही मागच्या छपरीत संसार केला. जुनी फरशी उखडली, कोबा फोडला, स्वयंपाकघरात मुरूम भरला. मग पॉलिशची मशीन घरघरली. काम संपल्यावर भासऱ्यांनी पूजा घातली आणि त्या दोन कारकुनांना मानानं बोलावलं. "बघा, एका रेषेत आहे!" ते सांगत होते, आणि ते दोघे माना हलवत लाडू खात होते.

सासूबाई छपरीतून मधल्या खोलीत आल्या, नेहमीसारख्या ताठ. चार पावलं चालल्या आणि थांबल्या. एक पाय पुढे टाकला, मागे घेतला, बाजूला फिरवून बघितला. सगळीकडे सारखंच, गार आणि गुळगुळीत. भासऱ्यांचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

"कोण आहे? मी कुठं आहो वं?"

"आपल्या घरीच आहात, आई."

"आपलं घर असतं तर तुले विचारलं असतं काय मी?"

आणि कोणीतरी हाताला धरून नेईल म्हणून त्या तिथेच, त्या दोन कारकुनांच्या पायांशी, खाली बसल्या.