तिसरा रकाना

या वेळी तार वेळेवर आली. सावळेराम घाट चढून आला, त्यानं डाकेची थैली ओट्यावर ठेवली आणि मी तार वाचेपर्यंत तो उभाच राहिला. "दादांची हाय का?" त्यानं विचारलं. मी नुसती मान हलवली... आमचा खासदार, माझा शाळेपासूनचा मित्र रघुनाथ, दिल्लीत हृदयविकारानं गेला होता. त्याला आता पाच आठवडे झाले.

अकोल्याच्या डोंगराकडं असलेल्या आमच्या गावात शाळा आणि पोस्ट एकाच ओट्यावर आहेत आणि दोन्हींचा मास्तर मीच. तिथल्या भिंतीवर रघुनाथचा फळा आहे. अधिवेशन संपलं की तो घरी यायचा आणि स्वतःच्या हातानं तीन रकाने भरायचा : काय होतं, मी काय केलं, का केलं. मग लोक जमून त्याची उलटतपासणी घ्यायचे. एकदा त्यानं तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'पक्षाने सांगितले म्हणून. मला पटले नव्हते.' ठकूआजीला वाचता येत नव्हतं. तिनं ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, "पटलं न्हाई तर हात कशाला वर केलास रं?" खासदार कान खाजवत उभा! लोक गेल्यावर मी म्हणालो, "पुसून टाक ते, नाहीतर तिकीट जाईल." तो म्हणाला, "अरे, तिसरा रकाना रिकामा ठेवायचा तर फळा हवाच कशाला?"

वक्ता म्हणून तो, खरं सांगायचं तर, रटाळ होता. पण विधेयकाचा नाद सोडायचा नाही. त्यानं तीन खासगी, म्हणजे सरकारची नव्हे तर खासदाराची स्वतःची, विधेयकं मांडली. त्यातलं तिसरं या ओट्यावरच तयार झालं : खेड्यांत डाक वाहून नेणाऱ्यांना पगारी रजा मिळावी आणि तेवढे दिवस बदली माणूस सरकारनं द्यावा. सावळेरामसारख्यांनी रजा घ्यायची तर बदली माणूस स्वतःच शोधायचा, अशी रीत होती. न सांगता खाडा झाला तर कामच जायचं. "आन् पाय मुरगळला तर?" रघुनाथनं त्याला विचारलं होतं. "लंगडत येतो की, दादा." हे उत्तर त्यानं वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं.

असली विधेयकं शुक्रवारी निघतात, तीही चिठ्ठीत नंबर लागला तर. ते विधेयक मांडलं त्या हिवाळ्यात अधिवेशन चालू असतानाच रघुनाथ घरी आला होता, कारण त्याची आई पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. नंबर लागला तर तार करा, असं तो दिल्लीत सांगून आला होता. नेमका त्याच आठवड्यात सावळेराम तापानं फणफणला. त्या अवस्थेत तो बदली माणूस कुठून आणणार? मी त्याची हजेरी चार दिवस भरून टाकली. एसटीचा कंडक्टर पत्रांच्या आणि तारांच्या थैल्या घाटाखाली फाट्यावरच्या हॉटेलात ठेवत राहिला. शाळा सुटल्यावर मी खाली जाऊ शकलो असतो. आपल्या गावाला येऊन येऊन पत्रं येणार किती, म्हणून गेलो नाही. रघुनाथनं दोनदा विचारलं, "तार आली का?" मी "नाही" म्हणालो. थैलीच आलेली नाही, हे काही बोललो नाही. खाडा कुणाला कळायला नको होता, त्यालाही नाही.

पाचव्या दिवशी सावळेराम उठून खाली गेला आणि तार घेऊन आला. शुक्रवार उलटून गेला होता. पुकारा झाला तेव्हा विधेयक मांडणारा सभागृहात नव्हता. विधेयक बुडालं.

तेव्हा मी रघुनाथला सगळं सांगितलं. मग खडू घेऊन त्यानं पहिल्या रकान्यात विधेयकाचं नाव लिहिलं, दुसऱ्यात 'गैरहजर'. तिसरा रिकामा. लोक जमले होते. "का रं, निजला व्हतास का?" ठकूआजीनं विचारलं. "चुकलो, आजी," तो म्हणाला. सावळेराम मागं खाली मान घालून उभा होता. मी तर पोस्टमास्तर, मी टपालावर शिक्के मारत बसलो. नंतर रघुनाथ मला म्हणाला, "कारण लिहिलं तर चौकशी येईल. त्याचं कामही जाईल आणि तुझंही. राहू दे." पुढं सोनईच्या सभेत कुणीतरी ओरडलं, "सोताच्याच बिलाला दांडी मारनारा खासदार!" लोक हसले. रघुनाथनं पाणी प्यायलं आणि भाषण पुढं चालू ठेवलं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो... त्या दिवसाची मला अजून लाज वाटते. ते विधेयक त्यानं पुन्हा मांडलं, पण नंबर काही लागला नाही.

परवा सावळेराम थैली ठेवून फळ्यापुढं गेला. ती 'गैरहजर'ची ओळ रघुनाथनं पुढच्या अधिवेशनांतही तशीच ठेवली होती, अजूनही ती कुणी पुसलेली नाही. खडू माझ्या हातात देत म्हणाला, "मास्तर, ल्हिवा आता. माझं नाव घाला. दादा आमच्यापायी लई बोलनी खाऊन गेले."

"काम जाईल, सावळेराम."

"जाऊ द्या की."

मी लिहिलं : 'चार दिवस डाक आणली गेली नाही. सावळेराम तापाने आजारी होता. त्याची हजेरी मी खोटी भरली आणि रघुनाथला सांगितले नाही.' खाली माझी सही केली. सावळेरामनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

वर्तमानपत्राला पाठवायचा हा लेख पाकिटात घालून तयार आहे. उद्या सकाळी सावळेराम तो घाटाखाली घेऊन जाईल.