हात खिशात ठेवून ये

भोपाळच्या बरखेडा कॉलनीत जयंताला ओळखणारी माणसं त्याच्याशी बोलताना एक पाऊल मागे सरकून उभी राहत. सवय सात वर्षांची होती, आणि ती लागायला कारणही होतं.

मंडीदीपच्या एका कारखान्यात तो घणाच्या मशीनवर होता. लालभडक लोखंड सांडशीत धरायचं, वरून घण पडायचा, लोखंड वाकायचं. वडील नरहरराव नागपूरहून नोकरीसाठी भोपाळला आले आणि इथलेच झाले. हात त्यांचाही सैल. पोराला मशीनच्या जुन्या रबरी पट्ट्याने मारत. मारून झालं की पट्टा खुंटीला टांगत, हात धुवून पाटावर बसत, आणि आई, शशिकला, मान खाली घालून वाढे. सगळ्याच घरांत जेवणाआधी असंच होतं, असं जयंताला बरीच वर्षं वाटत होतं.

विक्रांत शेजारच्या क्वार्टरमधला, पहिलीपासूनचा दोस्त. सात वर्षांपूर्वी कॉलनीच्या मैदानावर, दहाबारा जणांसमोर, त्याने नरहररावांच्या पिऊन झोकांडत चालण्याची नक्कल केली. सगळे हसले. जयंतही आधी हसला. मग त्याने मारलं. पहिल्याच ठोशाला विक्रांत खाली गेला होता. गोष्ट तिथे संपायला हवी होती. जयंत त्याच्या छातीवर बसला आणि मारत राहिला. चौघांनी काखेत हात घालून ओढून काढलं, तेव्हाही त्याचा हात हवेत खालीवर होत होता.

विक्रांतचा जबडा दोन ठिकाणी मोडला. सहा आठवडे दात तारेने बांधून ठेवले, नळीने पेज चालली. पोलीस आले तेव्हा त्याने कागदावर लिहून दिलं, ‘स्कूटरवरून पडलो.’ बरा झाल्यावर तो पुण्याला नोकरीला गेला. जयंत दोनदा दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आला होता. ‘चुकलं’ हा शब्द तेव्हापासून तोंडातच होता. सात वर्षांत ना फोन, ना निरोप.

आणि या फाल्गुनात फोन आला.

“लग्न करतोय. नेपाळात, बुटवलला. मुलगी तिथलीच आहे.”

“अच्छा,” जयंत म्हणाला. मागे घण पडत होता.

“येशील?”

जयंत मशीनपासून दूर, शेडच्या दाराशी गेला.

“पण एक अट आहे, जया. हात खिशात ठेवून ये. वाटेत कुठेही, कुणावरही उचललास, तर मांडवापर्यंत येऊ नकोस. तिथूनच परत फीर.”

“येतो,” जयंत म्हणाला. आणखी बरंच बोलायचं होतं, पण ते फोनवर बोलण्यासारखं नव्हतं.

पुण्याहून गोरखपूरला जाणाऱ्या गाडीत तो भोपाळला चढला. डब्यात विक्रांतच्या ऑफिसातले दोघं आधीच बसलेले होते. गौरांग किडकिडीत, चष्मेवाला, तोंडाचा पट्टा बंद नाही. अदिती शांत, सगळ्याकडे लक्ष ठेवून असणारी.

“तुम्हीच जयंत ना? विकी म्हणाला, भोपाळला एक पैलवान चढेल,” गौरांगने सरकून जागा केली. “पासपोर्ट आणलाय का? घाबरू नका, मतदार कार्डावर चालतंय. असला स्वस्त परदेश दुसरा नाही.”

जयंताने शशिकलाबाईंनी बांधून दिलेल्या दशम्या काढल्या. दशम्या खाता खाता ओळख वाढली.

“तुमचं मराठी भारी आहे,” गौरांग म्हणाला. “दर तिसरा शब्द हिंदी.”

“आणि तुझ्या हिंदीत दर तिसरा शब्द मराठी. यूपीत जरा संभलून बोल, भिया.”

अदिती हसली. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर बाहेरच्या दगडी कट्ट्यावर आम्ही सगळे बसतो, तुझं नाव आम्ही तिथेच ऐकलं, असं ती म्हणाली. काय ऐकलं, ते तिने सांगितलं नाही. जयंतानेही विचारलं नाही. तिची नजर मात्र एकदा त्याच्या हातांवर जाऊन आली.

दुसऱ्या दिवशी गोरखपूरला उतरून त्यांनी सोनौलीसाठी जीप केली. सरहद्द तासाभरावर असताना टायर बसला. ड्रायव्हर स्टेपनी काढायला लागला आणि हे तिघं चौकातल्या चहाच्या टपरीवर गेले. टपरी दोन भाऊ चालवत होते. दोघांचीही डोकी तुळतुळीत भादरलेली. मागे फळीवर एका तरुणाचा फोटो, त्याला झेंडूचा ताजा हार. जयंताने फोटो पाहिला आणि आवाज खाली आणला.

गौरांगचं लक्ष बसायला जागा शोधण्यात होतं. रात्रभर अवघडलेले पाय, आणि टपरीपुढे एकही बाकडं नाही. तो तोंड भरून हसला.

“भैया, इधर कट्टा नहीं है क्या? हम लोग तो कट्टे के बिना चाय पीतेही नहीं.”

पुण्यात कट्टा म्हणजे टेकायची जागा. भोपाळपासून पुढे, पार या चौकापर्यंत, कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल.

थोरल्या भावाने गाळणी खाली ठेवली. “का बोला?”

“कट्टा, कट्टा,” गौरांगने समजावून सांगितलं. “आपके पास नहीं, तो पड़ोस में किसीके पास?”

“चार दिन नहीं हुआ भाई को गोली मारे,” थोरला अगदी हळू म्हणाला, “और पूछने भी आ गए. किसने भेजा है तुमको?”

जयंत पुढे सरला. “भैया, सुनो, इनकी बोली में चबूतरे को कट्टा...”

वाक्य पुरं झालं नाही. धाकट्याने उकळत्या चहाचं पातेलं भिरकावलं. ते गौरांगच्या मांडीवर आलं. तो वाकला तोच थोरल्याचं दांडकं त्याच्या मानेवर बसलं आणि चष्मा चिखलात गेला. शेजारच्या पंक्चरच्या दुकानातून आणखी दोघं धावले. एकाच्या हातात टायर काढायची सळई. कशासाठी मारायचं हे त्यांनी विचारलं नाही. लाथ पोटात, लाथ तोंडावर. गौरांगच्या नाकातून रक्ताची धार लागली. तो “अरे, अरे” एवढंच म्हणत होता.

जयंताचा हात खिशातून बाहेर आला होता. मूठ वळलेली होती. थोरल्याच्या कानाखालची जागा त्याला अगदी स्वच्छ दिसली. तिथे एक बसला की माणूस उठत नाही, हे त्याला ठाऊक होतं. दुसरं जे ठाऊक होतं त्याने त्याचे पाय जमिनीला खिळले. एकदा सुरू झालं की आपल्याला थांबता येत नाही. इथे ओढून काढायला चौघं कुठून आणायचे?

तो उभाच राहिला. गौरांगने खालून त्याच्याकडे पाहिलं. चष्म्याशिवायचे ते डोळे आधी विनवत होते, मग नुसतेच बघत राहिले. पुढे कितीतरी दिवस जयंताला त्या नजरेची लाज वाटली.

मग सळई वर गेली, आणि जयंत गौरांगच्या अंगावर जाऊन पालथा पडला.

सळई त्याच्या पाठीवर आली. दुसरी बरगड्यांवर, आत काहीतरी काटकीसारखं वाजलं. दांडकं खांद्यावर. कुणीतरी केस धरून मान वळवली आणि बुटाची लाथ डाव्या गालावर घातली. तोंडात लोखंडाची चव आली, दाताचा तुकडा जिभेवर. गौरांगच्या अंगाखाली बोटं अडकवून त्याने हात तिथेच ठेवले. मोठा झाल्यापासून हे आवाज त्याने वरूनच ऐकले होते. खालून ऐकताना दर दोन फटक्यांमधलं अंतर लांबत होतं, आणि त्या अंतरातच सगळी भीती होती.

“देखो, ये देखो!” अदिती दोघा भावांच्या मधे घुसली होती. फोन तिने थोरल्याच्या नाकाशी धरला. ऑफिसच्या ग्रुपचा फोटो होता. दगडी ओट्यावर ओळीने बसलेले आठ जण, हातात चहाचे ग्लास. वर नाव, ‘कट्टा’. “यही है कट्टा. पत्थर है. बैठते हैं इस पर.”

थोरल्याने फोटो पाहिला. त्यात हसणारा गौरांग पाहिला, मग खाली पाहिलं. दांडकं त्याच्या हातातून गळलं. तो मटकन तिथेच बसला.

“पहिले बोलना था न,” तो म्हणाला, आणि फळीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे तोंड करून रडायला लागला. धाकट्याने पाण्याची बादली आणून जयंतापुढे ठेवली आणि नजर न देता बाजूला झाला.

सरहद्दीवर शिपायाने मतदार कार्डावरचा चेहरा आणि समोरचा चेहरा तीनदा ताडून पाहिला. पलीकडे भैरहव्याच्या दवाखान्यात गौरांगच्या मांडीला मलम आणि भुवईला टाके, जयंताच्या छातीला पट्टा. दुपारी ते बुटवलला पोचले.

विक्रांत हळदीच्या अंगाने बाहेर आला. जयंताचा सुजून निळा झालेला गाल बघून जागीच थांबला. “कुणाशी?”

“त्याने हात उचलला नाही,” अदिती पुढे होत म्हणाली. तिनेच सगळं सांगितलं. गौरांग भिंतीला टेकून मधे एवढंच म्हणाला, “आधी थोडा वेळ नुसता उभा होता. मग आला.”

“खरंय,” जयंत म्हणाला. “उभा होतो.”

विक्रांतने स्वतःच्या जबड्यावरून बोट फिरवलं. “किती वेळ मारत होते?”

“मला वाटलं अर्धा तास. ही म्हणते, दोन मिनिटं.”

“मलाही अर्धा तासच वाटलं होतं,” विक्रांत म्हणाला.

मांडवात सनई सुरू झाली होती. जयंताने ओठ उघडले. जबडा ठणकला.

“विकी, चुकलं माझं. तेव्हा.”

“हं.” विक्रांतने डावा हात त्याच्या काखेत घातला, बरगड्यांना न लागेल असा. “पंगत बसलीय. चावता येतंय का?”

“उजवीकडून.”

“मी डावीकडून. अजून. चल, शेजारी बस. अर्धं अर्धं खाऊ.”